माथा ते पायथा

बुलढाणा शहरावर पडणारा पाऊस दोन समुद्रांना जातो. शहराच्या उत्तरेला राजूर घाटाच्या अंगाला पडलेलं पाणी दऱ्याखोऱ्यांतून खाली धावतं, नळगंगेला मिळतं, नळगंगेतून पूर्णेत आणि चांगदेवजवळ पूर्णेतून तापीत जातं. तापी ते सुरतेपाशी अरबी समुद्रात नेऊन सोडते. त्याच ढगाचं पाणी चार पावलं दक्षिणेला पडलं, तर ते पैनगंगेचं होतं. येळगावच्या धरणात क्षणभर थांबून ते मेहकरकडे निघतं, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरून शेकडो किलोमीटर चालत वर्धा नदीला मिळतं. मग प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर.

महाराष्ट्रात शिखर म्हटलं की डोळ्यांसमोर कळसूबाई येते, साल्हेर येतो, हरिश्चंद्रगडाचा तारामती माथा येतो. बुलढाण्याच्या वाट्याला असं नाव घेण्याजोगं टोकदार शिखर नाही. इथली उंची आडवी पसरलेली आहे. अजिंठ्याची डोंगररांग पश्चिमेकडून येते, जिल्ह्याच्या मधून कड्यासारखी जाते आणि पूर्वेला वाशीमच्या दिशेने मंदावते. शहर वसलंय सुमारे साडेसहाशे मीटरवर. घाट उतरून मलकापूरला गेलं की उंची अडीचशे मीटरच्या आसपास येते. मधला चारशे मीटरचा उतार हा आमचा डोंगर. वरून पाहणाऱ्याला तो माथा वाटतो, खालून पाहणाऱ्याला भिंत. या माथ्याचं मोल उंचीत मोजायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. ते पाण्यात मोजावं लागतं.

काळ्या दगडाची उतरंड

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हारस थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थर थंड होऊन काळा पाषाण झाला. काही थर कठीण निघाले, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर पाण्याने आधी झिजले, कठीण थर पायऱ्यांसारखे उभे राहिले. अजिंठ्याच्या रांगेतला कुठलाही घाट उतरताना ही उतरंड डोळ्यांना दिसते. वर सपाट पठार, मग एकदम कडा, मग तिरका उतार, पुन्हा कडा.

याच रांगेत पश्चिमेला वाघोरा नदीच्या वळणावर बौद्ध भिक्खूंनी लेणी कोरली. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती समोरच्या टेकडीवरून दिसली आणि अजिंठा पुन्हा जगापुढे आलं. याच काळ्या पाषाणावर दक्षिणेला लोणारला अशनी आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, दीडशे मीटर खोल विवर तयार झालं. बेसाल्टमधलं असं विवर जगात फार दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. २०२० साली लोणार सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. विवराच्या काठावरून फेरी मारणाऱ्या भटक्याला एकाच जिल्ह्यात डोंगराचे दोन अवतार भेटतात. उत्तरेला पाण्याने कोरलेला कडा आणि दक्षिणेला आकाशातून आलेल्या घावाने पडलेला.

पैनगंगेचा उगम बुलढाणा तालुक्यात मढजवळ, बुधनेश्वराच्या परिसरात. उगमाच्या ठिकाणी ही नदी ओलांडायला पूल लागत नाही, लहान पोर सहज पलीकडे जातं. पुढे हीच नदी इसापूरचं धरण भरते, सहस्रकुंडाला कड्यावरून झेप घेते. तिच्या काठच्या यवतमाळ-नांदेडच्या शेतकऱ्याला बुलढाण्याचं नाव क्वचितच आठवत असेल. पण त्याच्या विहिरीचं नशीब काही अंशी आमच्या माथ्यावर ठरतं.

घाटावरचे आणि घाटाखालचे

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, पण माणसं बोलताना दोनच भाग सांगतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर घाटाखाली. वर्तमानपत्रातल्या पावसाच्या बातमीपासून उमेदवारीच्या वाटाघाटीपर्यंत हाच हिशेब चालतो. सोयरीक जुळवताना पाव्हणे घाटावरचे की खालचे हे आधी विचारलं जातं, कारण त्यावरून माती कळते, पाणी कळतं आणि लेकीला हंडा किती लांब न्यावा लागेल हेही कळतं.

ही विभागणी जुनीच. पूर्वी वऱ्हाडाचे पयानघाट, बालाघाट आणि मेळघाट असे तीन भाग मानले जात. पयानघाट म्हणजे पूर्णेचं काळ्या मातीचं खोरं, बालाघाट म्हणजे अजिंठ्यावरचं पठार आणि मेळघाट म्हणजे उत्तरेचा सातपुडा. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना हा मुलूख दोन डोंगररांगांमध्ये वसला असल्याचं नोंदवलं आहे.

डोंगराचा कडा म्हणजे वाट अडवणारी जागा आणि जिथे वाट अडते तिथे लढाया होतात. घाटाच्या पायथ्याशी मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. दख्खन आणि खानदेश यांच्या मधला हा दरवाजा. १४३७ साली बहमनी सेनेने खानदेशच्या नसीरखानाचा इथे पराभव केला आणि १५९० च्या सुमारास निजामशाहीच्या गादीसाठी बुऱ्हाण आणि जमालखान यांची गाठ इथेच पडली. १५८२ साली बांधलेली खुदावंतखानाची मशीद गावात आजही उभी आहे. घाट ज्याच्या ताब्यात, वऱ्हाड त्याच्या ताब्यात, असा तो काळ होता.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे आलं आणि पुढच्या काही वर्षांत जिल्ह्याचं ठाणं बुलढाण्याला आलं. खालच्या खोऱ्यातला वैशाखवणवा ज्याने अंगावर घेतलाय, त्याला ही निवड लगेच समजते. मलकापूर-शेगावला रात्रीही झळा लागतात तेव्हा बुलढाण्यात पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं. १९०५ साली खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्याकडून या जिल्ह्याला जोडले गेले आणि घाटावरच्या मुख्यालयाच्या हाती खालचा मोठा मुलूख आला. तेव्हापासून घाटाखालचा माणूस सरकारी कामासाठी घाट चढतो आणि घाटावरचा माणूस रेल्वे पकडायला घाट उतरतो.

दिवाळीच्या सुमारास हा घाट चढणं हा आनंद असतो. पाऊस सरलेला, गवत अजून पूर्ण वाळलेलं नाही, सागाची पानं मोठी आणि खरखरीत झालेली. वळणावळणांवर सीताफळाच्या टोपल्या घेऊन बाया बसलेल्या असतात. ही फळं डोंगरातलीच. आकाराने लहान, पण डोळे फुटलेलं सीताफळ हातात घेतलं की बोटांना चिकटणारा गर बाजारातल्या मोठ्या फळाला मागे टाकतो. पहाटे काट्याकुट्यांतून हिंडून ती तोडलेली असतात. टोपलीवर पळसाची पानं झाकलेली, खाली गवताची गादी. गाडीवाला भाव पाडून मागतो आणि ती बाई शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहते. या डोंगराने तिला दिवाळीचा पैसा दिलेला असतो. पर्यटकाला दृश्य दिसतं ती जागा तिच्या हिशेबात सीताफळाची, गवताच्या भाऱ्याची, टेंभराची आणि सरपणाची असते.

समोरचा सातपुडा आणि मधलं खारं पाणी

राजूर घाटाच्या तोंडाशी उभं राहून स्वच्छ हवेत उत्तरेला पाहिलं की पूर्णेच्या खोऱ्यापलीकडे निळसर रेघ दिसते. तो सातपुडा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके त्याच्या पायथ्याला टेकलेले. या डोंगरात जळगाव जामोद तालुक्यात मैलगड आहे. अबुल फजलने उत्तरेच्या रांगेवरचे किल्ले सांगताना गाविलगड आणि नरनाळ्याच्या बरोबरीने जो मेलगढ मोजला, तो हाच मानला जातो. गाविलगड-नरनाळ्यावर माणसांची रीघ असते. मैलगडाकडे मात्र जिल्ह्यातल्याच भटक्यांची पावलं फार कमी वळतात. झाडीत हरवलेली तटबंदी आणि खडकातली पाण्याची टाकी पाहिली की जाणवतं, जुन्या माणसांनी माथ्यावर चढताना पहिला विचार पाण्याचा केला होता.

सातपुड्याच्या पायथ्याचं एक आश्चर्य नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डोंगरातून उतरणारे ओढे पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर टाकतात. भूजलाची माणसं त्याला बझाडा पट्टा म्हणतात. डोंगरावरचं पाणी या पट्ट्यात चाळणीतून जावं तसं जमिनीत मुरतं. म्हणून सोनाळा, टुनकी या पायथ्याच्या गावांकडे संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. तिथून काही किलोमीटर दक्षिणेला पूर्णेकडे सरकलं की चित्र पालटतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सुरू होतो. विहीर खोदली तर खारं पाणी, बोअर मारला तर खारं पाणी. भांड्यांवर पांढरे थर बसतात, डाळ शिजता शिजत नाही, पिकाला दिलं तर जमीन चिबडते. पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी प्यालेल्या गावांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी आहेत. पंचक्रोशीतल्या घराघरांत त्याच्या कहाण्या सापडतील.

या गावांना गोडं पाणी मिळतं ते डोंगरातून. वारी भैरवगडजवळ वान नदीवर धरण आहे. वान मेळघाटच्या जंगलातून येते. या धरणातून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. म्हणजे खारपाणपट्ट्यातली आई लेकराला जो गोड्या पाण्याचा पेला देते, तो मेळघाटच्या सागवानाखाली मुरलेल्या पावसाचा असतो. ती आई कदाचित त्या जंगलात कधीच गेलेली नसेल. तिला तिथे जायची गरजही नाही. त्या माथ्यावरचं जंगल उभं राहणं मात्र तिच्यासाठी गरजेचं आहे.

आणि हे जंगल ज्यांनी राखलं, त्यांच्या वाट्याला काय आलं तेही लिहिलं पाहिजे. १९९७ साली संग्रामपूर तालुक्यातल्या सातपुड्यात अंबाबारवा अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे १२७ चौरस किलोमीटर. आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाघासाठी जागा मोकळी करायला अंबाबारवा, वैराट अशी आतली गावं बाहेर आली. वैराट तर मेळघाटातल्या सर्वांत उंच माथ्याजवळचं गाव. तिथल्या गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखल्या होत्या. जे अजून डोंगरात आहेत, भिंगारा, चाळीसटापरीसारख्या गावांमधले भिल, बारेला, निहाल, कोरकू, त्यांच्यातल्या कित्येकांना पावसाळ्यात दवाखाना गाठणं ही परीक्षा असते. सातपुड्याच्या पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून खांद्यावर आणावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. ज्या माथ्याचं पाणी आपण पितो, तिथल्या माणसाला रस्ता नसणं हा साऱ्या जिल्ह्याचा कमीपणा आहे.

शिखरावर जाणारी माणसं

युरोपात आल्प्सच्या शिखरांना माणूस शतकानुशतकं भ्यायला. बर्फाच्या त्या टोकांवर राक्षस राहतात, अशी समजूत होती. १७८६ साली जॅक बाल्मा आणि मिशेल पाकार या शामोनी गावच्या दोघांनी माँ ब्लाँ सर केला आणि तेव्हापासून शिखर म्हणजे जिंकायची जागा ही कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे शिखर कायमच भेटीला जायची जागा होती. झाडांची वाढ थांबते इतकी उंची आपल्या डोंगरांना नाही. त्यामुळे इथल्या माथ्यापर्यंत गुरं जातात, गुराखी जातो आणि त्याच्या मागून देवही जातो.

राज्यातलं सर्वोच्च शिखर घ्या. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर लोखंडी शिड्या चढून रोज ट्रेकर्स जातात, पण माथ्यावरचं लहानसं देऊळ पायथ्याच्या बारी गावातल्या आणि आसपासच्या महादेव कोळ्यांचं आहे. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला होती, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही ही तिची अट मोडली गेली म्हणून ती डोंगरावर निघून गेली, अशी तिची कथा. नवरात्रात तिथे जत्रा भरते. तेव्हा सॅक पाठीवर घेतलेला मुंबईचा मुलगा आणि डोक्यावर ओटीचं ताट घेतलेली बारीची बाई एकाच शिडीवर पुढेमागे असतात.

आमच्या सातपुड्यातही हेच. याच रांगेच्या पश्चिम टोकाला नंदुरबार जिल्ह्यात अस्तंबा आहे, सुमारे १३२५ मीटर उंच. धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो आदिवासी तरुण अनवाणी, रात्रभर चालत अश्वत्थाम्याच्या भेटीला तो माथा चढतात. पूर्वेला पचमढीचा चौरागड. महाशिवरात्रीला विदर्भातले भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन हर हर महादेव म्हणत तो चढतात. माथ्यावर वाहिलेल्या त्रिशुळांचा ढीग पाहिला की विदर्भातल्या किती घरांचे नवस इथे पोचले असतील या विचाराने माणूस थबकतो.

बुलढाण्याच्या माथ्यावरही वाटा आहेतच. गिरड्याचा महादेव डोंगरात आहे. पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा डोंगराच्या अंगावर आहे आणि होळीला तिथे नारळांची होळी पेटते, तेव्हा सगळ्या जातिधर्मांची माणसं तो चढ चढून येतात. मन थाऱ्यावर नसलेल्या आप्ताला घेऊन आलेली कुटुंबं तिथे पाहिली की उंच जागी गेल्याने दुःख हलकं होईल ही माणसाची आशा किती जुनी आहे ते कळतं.

गेल्या काही वर्षांत बुलढाणा, खामगाव, चिखलीची तरुण मंडळी रविवारी डोंगरात जाऊ लागली आहेत. डॉक्टर, शिक्षक, बँकेतले कारकून, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. हा बदल मला मनापासून चांगला वाटतो. आमच्या पिढीला डोंगर पाहायचा तर सह्याद्रीत जावं, असं वाटे. आता मुलं आपल्या घाटाची नावं घेतात, कुठल्या दरीत मोर नाचतो ते सांगतात, पहिल्या पावसात कुठल्या कड्यावरून धार पडते ते दाखवतात. जिल्ह्याला आपल्या डोंगराची ओळख अशीच होणार आहे.

चालत आलेला वाघ

अजिंठ्याच्या रांगेत बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधलं जंगल म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्य. स्थापना १९९७, क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू, पळस असं कोरडं पानगळीचं रान. अस्वल, बिबट, तडस, चिंकारा आणि आमच्याकडे ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय. बोथ्याच्या रस्त्याने खामगावला जाताना हे जंगल आडवं येतं. विश्वगंगेवरचं पलढगचं धरणही याच डोंगरात आहे.

२०१९ च्या डिसेंबरात या जंगलात एक पाहुणा आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरला जन्मलेला तरुण नर वाघ. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती, म्हणून त्याचं पाऊल न्‌ पाऊल नोंदलं गेलं. शेतं, रस्ते, ओढे, गावांच्या कडा ओलांडत, तेलंगणातही डोकावत तो तेराशे किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगेत पोचला. कपाशी-तुरीच्या रानात दिवसा दडून आणि रात्री चालून. पुढे त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. देशात नोंदल्या गेलेल्या वाघाच्या प्रवासांमध्ये हा सर्वांत लांबचा म्हणून ओळखला गेला आणि ‘वॉकर’ हे नाव त्याला चिकटलं.

टिपेश्वर पैनगंगेच्या खोऱ्यातलं आणि ज्ञानगंगा तापीच्या पाणलोटातली. एका खोऱ्यातून निघालेला वाघ पाणी वाटून देणाऱ्या आमच्या धारेवर येऊन थांबला. जनावराला नकाशा लागत नाही. सलग झाडी, सावली आणि पाणी जिथे असेल तिथून ते जातं. आमचा डोंगर अजून इतका जिवंत आहे की वाघाला राहावंसं वाटलं, ही बातमी बुलढाण्याने अभिमानाने सांगावी अशीच आहे. त्याच वेळी इथे त्याला जोडीदारीण नव्हती आणि दोन जंगलांना जोडणारी झाडी जागोजागी तुटलेली होती, हेही त्याच वाघाने दाखवून दिलं.

चर खणणारे हात

पाणलोटाचं काम करणाऱ्यांचा एक नेम आहे: माथा ते पायथा. आधी डोंगराच्या माथ्यावर काम करायचं, मग उतारावर, मग शेतात आणि शेवटी नाल्यात. आधी नाल्यात बंधारा बांधला आणि माथा उघडा ठेवला, तर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. हा क्रम साधा आहे, पण राज्यभर कितीतरी ठिकाणी उलट्या क्रमाने कामं झाली, कारण बंधारा फोटोत दिसतो आणि माथ्यावरचा चर दिसत नाही.

हा चर कसा काढतात ते एकदा जवळून पाहावं. दोन उभ्या काठ्या, त्यांवर मोजपट्ट्या आणि दोन्हींना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक जण काठी धरून जागेवर उभा राहतो, दुसरा उतारावर पुढेमागे सरकतो. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एका आकड्यावर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे फक्कीने खूण करायची. अशा खुणा जोडत गेलं की डोंगराच्या अंगावर समतल रेघ उमटते. त्या रेघेवर चर खणायचा आणि माती उताराच्या बाजूला भरावासारखी रचायची. पाऊस आला की वरून धावत आलेलं पाणी चरात थबकतं, दोन दिवस तिथेच राहतं आणि हळूहळू जमिनीत उतरतं. चौथी शिकलेली बाई आणि बारावीतला मुलगा हे काम इंजिनिअरइतकं बिनचूक करतात.

२०१८ साली ८ एप्रिल ते २२ मे या दिवसांत सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेसाठी गावोगावी असं श्रमदान झालं. बुलढाण्याचा उन्हाळा, जमीन दगडासारखी, तरी माणसं पहाटे अंधारात टिकाव-फावडं घेऊन निघत. त्या वर्षी मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळवला. पायथ्याच्या एका गावाने डोंगराकडे पाणी मागितलं आणि त्यासाठी आधी स्वतः घाम गाळला. त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात तलाव-नाल्यांतला गाळ काढण्याचं मोठं काम हाती घेतलं. तलाव आणि नाले खोल करून निघालेली माती-मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरायची, म्हणजे रस्ताही होतो आणि पाणीही साठतं, ही पद्धत देशभर ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. या कामाचं श्रेय जिल्ह्याने जरूर घ्यावं. पण तलावात गाळ आला कुठून, हाही प्रश्न विचारावा. तो उघड्या पडलेल्या माथ्यावरून आला. माथ्याकडे पाहिलं नाही तर काही वर्षांनी तोच तलाव पुन्हा उपसावा लागेल.

दुरून येणारं पाणी

आता बुलढाण्याच्या पायथ्याशी फार मोठी योजना येऊ घातली आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड. गोसीखुर्द धरणापासून निघालेला कालवा सुमारे ४२६ किलोमीटर पश्चिमेला येऊन नळगंगा धरणाशी थांबणार आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. घाटाखालच्या शेतकऱ्याची तहान खरी आहे आणि हे पाणी त्याला मिळावं असं कुणालाही वाटेल.

पण नकाशा समोर घेऊन बसलं की एक गोष्ट मनात घर करते. आमच्या माथ्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस पैनगंगेतून वर्धेत जातो आणि वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते. त्याच वैनगंगेचं पाणी हजारो कोटी रुपये खर्चून, शेकडो किलोमीटर ओढून आपण याच माथ्याच्या उत्तर पायथ्याशी आणणार आहोत. ते येईल तेव्हा येईल. डोंगरावर दर पावसाळ्यात पडणारं पाणी मात्र यंदाही पडलं, पुढच्या वर्षीही पडेल, आणि ते अडवायला कालवा लागत नाही. समतल चर, गवत आणि झाडं लागतात. दोन्ही कामं होऊ शकतात. पण जवळचं सोडून दूरच्याची वाट पाहत बसणं बरोबर नाही.

आता करायचं काय

माथ्याला सगळ्यात मोठा धोका वणव्याचा आहे. फाल्गुन-चैत्रात गवत वाळतं. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, कुणी विडीचं थोटूक टाकतं आणि रात्रीतून टेकडीच्या टेकडी काळी होते. गवताची मुळं जळाली की जूनच्या पहिल्या सरीला माती मोकळी होते आणि थेट नाल्यात जाते. वनखातं जाळरेषा काढतं, पण त्यांची माणसं थोडी आणि डोंगर मोठा. दुसरा धोका आमच्यासारख्या हौशी मंडळींचा. पावसाळ्यातल्या रविवारी घाटातल्या वळणांवर गाड्यांची रांग लागते आणि सोमवारी तिथे बाटल्या, वेफर्सची पाकिटं, पत्रावळी पडलेल्या असतात. चरात पडलेला प्लास्टिकचा कागद पाणी मुरू देत नाही. तिसरा धोका मुरमासाठी पोखरल्या जाणाऱ्या टेकड्यांचा. रस्त्यासाठी तलावातला गाळ काढणं वेगळं आणि टेकडीच कापून नेणं वेगळं. पोखरलेली टेकडी पुन्हा उभी राहत नाही.

म्हणून डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक गटाला माझी विनंती आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, पायथ्याच्या गावातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे हसतमुखाने द्या. एक टेकडी आपली म्हणा. जुलैत तिच्यावर झाडं लावा, ती अंजन, धावडा, सालई अशी इथलीच असू द्या. माघात गावकऱ्यांबरोबर जाळरेषा काढायला जा. मे महिन्यात बुजलेले चर पुन्हा खणा. शाळांनीही सहल दूरच्या थीम पार्कला नेण्याआधी मुलांना एकदा मढला पैनगंगेच्या उगमाशी न्यावं आणि त्याच दिवशी राजूर घाटाच्या तोंडाशी उभं करून आपल्या तालुक्याचं पाणी कुठल्या समुद्राला जातं ते विचारावं. ज्या मुलाला हे ठाऊक आहे, तो मोठेपणी मुरमासाठी टेकडी विकताना दहा वेळा विचार करेल.

आणि जे राज्य करतात त्यांनी माथ्यावरच्या माणसाकडे आधी पाहावं. सातपुड्यातल्या पाड्यांना बारमाही रस्ता, दवाखाना आणि शाळा देणं हे पाणी राखण्याच्या कामाइतकंच तातडीचं आहे, कारण तिथला माणूस टिकला तरच वणवा विझवायला धावणारा पहिला हात टिकेल. पाणलोटाचा निधी माथ्यापासून खर्च होतो की नाल्यापासून, हे प्रत्येक ग्रामसभेने विचारलं पाहिजे. येत्या उन्हाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा एक प्रश्न उभा राहून विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि पावसाळ्यानंतर डोंगरावर जाऊन ते काम झालं का ते स्वतः पाहा.